कुंभारणीच्या घराखाली

आत्या,

गेल्या आठवड्यात खोडाळ्याला एका घरात मला मागच्या दाराने आत घेतलं आणि पुढच्या दाराने हाकललं. तू असतीस तर आधी पोट धरून हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "चहा तरी पाजला का गो?" नाही पाजला. गळ्यात रुमाल, हातात रबरी मोजे, पाठीवर पंप, अशा अवतारात मी त्या ओट्यावरून उतरत होते आणि समोरच्या घरातल्या बायका तांदूळ निवडायचे सोडून माझ्याकडे बघत होत्या. त्या दिवसापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. आपल्या साखरशेतला सासूला आत्या म्हणायचं आणि अगं-तुगं करायचं. धंद्यामुळे घरोघरी हिंडायला लागले तेव्हा बघितलं की कितीतरी सुना सासूला तोंडावर अहो म्हणतात आणि मनातल्या मनात काय काय म्हणतात. आपल्यात ते नव्हतं. जे काय असेल ते तोंडावर, नाहीतर मग काहीच नाही. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, त्यामुळे लिहायला उलट मोकळं वाटतंय.

तू गेलीस त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा आपला धंदा म्हणजे एक पंप, एक पिशवी आणि तुझ्या मुलाची खडखडती मोटारसायकल. आता माझी स्वतःची स्कूटर आहे, जव्हारला दोन खोल्या आहेत आणि फोन सकाळपासून वाजतो. झुरळं, वाळवी, गांधीलमाश्या, पण सगळ्यात जास्त ढेकूणच. वीटभट्टीवरून माणसं परत येतात तेव्हा गोधडीतून येतात, वसतिगृहातून पोरं सुट्टीला येतात तेव्हा ट्रंकेतून येतात, आणि कोणी नाशिकहून जुना सोफा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊन आला की त्यातून तर वरातच येते. बंगल्यातली बाई म्हणते, कामवालीच्या पिशवीतून आले. कामवाली मला बाहेर गाठून सांगते, ह्यांच्याच गादीतून माझ्या घरी आले. मी दोघींनाही हो म्हणते. माझ्या स्कूटरवर पाटी नाही, कारण पाटी असली तर कोणी दारात उभी करू देणार नाही. शेजाऱ्यांना सांगायचं असतं की ही माझी मावसबहीण, ही बचत गटाची बाई, ही शिलाई मशीन बघायला आली. अख्ख्या जव्हार-मोखाड्यात माझ्याइतके नातेवाईक कोणाला नसतील.

हा धंदा माझ्या गळ्यात घातलास तूच. तुझा मुलगा ठाण्याला घरोघरी औषध मारायचं काम करून परत आला होता, आणि जव्हारला पहिल्याच घरात बाईने त्याला स्वयंपाकघराच्या पलीकडे जाऊ दिलं नाही. झुरळं मारा म्हणाली आणि ढेकणांचं नाव नाही. तोंड पाडून घरी आला. तू चुलीपाशी नागलीच्या भाकरी करत होतीस. वळूनसुद्धा न बघता म्हणालीस, "परक्या गड्याला कोण गादी उलटून दाखवंल? हिला धाड." मी म्हटलं, "मी? ढेकूण मारायला?" तर म्हणे, "मग? आजपर्यंत काय पाळलेस?" दुसऱ्या दिवशी मी निघाले तर तू माझी पिशवी उघडून बघितलीस. औषध होतं, मोजे होते, बॅटरी होती. "आन् खरवडायला?" असं म्हणून तू भाकरीचं लोखंडी उलथनं फडक्याला पुसलंस आणि पिशवीत टाकलंस. घरात दुसरं नव्हतं. पुढच्या बाजारापर्यंत तू भाकरी हाताने उलटत होतीस आणि बोटं पोळली की माझ्याच नावाने शिव्या देत होतीस. मी ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. त्याआधी बरेच दिवस आपलं बोलणं नीट नव्हतं. ते का नव्हतं, तेच तर लिहायचंय.

खोडाळ्याच्या त्या पोरीने फोनवर सांगितलं होतं, मागच्या पडवीत गांधीलमाश्यांचं पोळं आहे. आवाज दबलेला. ढेकणांसाठी बोलतात तसा. गांधीलमाश्यांसाठी कोणी एवढं हळू बोलत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सकाळी गारव्यात माश्या सुस्त असतात म्हणून मी लवकर निघाले. मोखाड्याच्या पुढे धुकं होतं, खाली भात पिवळं पडायला लागलेलं. मागच्या दाराशी ती उभीच होती. तिशीच्या आतबाहेरची, अंगाने बारीक, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. पोळं खरंच होतं, पण लहान. पत्र्याच्या खाली, वाटीएवढं. मी औषध मारलं, थोडं थांबले, कापून पिशवीत भरलं, गाठ मारली. तुझा मुलगा म्हणाला असता, एवढ्याशा पोळ्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलीस. ती म्हणाली, "ताई, हे निमित्त होतं. आत या. सासूबाई शेतावर गेल्यात तोवर."

आतल्या खोलीत पलंग. मी सवयीने आधी गादीची शिवण बघितली, पलंगाचे सांधे बघितले, बॅटरी मारली. एक ढेकूण नाही, एक डाग नाही. "तिथे नाही," ती म्हणाली. "वर बघा." पलंगाच्या बरोबर वर, वासा भिंतीला टेकतो तिथे, कुंभारणीचं घर होतं. एक नव्हे. ती कमरेत बारीक माशी दर वर्षी येऊन जुन्या मातीला नवी माती लावून गेली होती आणि कोणी झाडू लावलेला नव्हता. सगळ्यावर हळद, सगळ्यावर कुंकू, ताजं. मला सगळं कळलं. तरी मी विचारलं, "हे पाडायला मी कशाला? झाडूचा दांडा पुरतो."

"मी पाडलं तर मी पाडलं, ताई," ती म्हणाली. "मग पोर झालं नाही की म्हणणार, हिनेच पाडलं. नाही पाडलं तर रोज त्याच्या खाली निजायचं. तुम्ही पाडलंत तर औषधवाल्या बाईने पाडलं. तुम्ही काय, निघून जाल." मग म्हणाली, दिवाळीला सगळे पाहुणे येणार आहेत, सासूबाईंनी मुद्दाम बोलावलेत, यंदा कुंभारणीने दोन घरं केली म्हणून. सगळे आधी भिंतीकडे बघणार, मग हिच्या पोटाकडे. जव्हारचा दवाखाना झाला, नाशिकचा झाला. नवरा नाशिकला कंपनीत, तो म्हणतो आईला कशाला दुखवायचं. मी विचारलं, "सासू छळते का?" तिचे डोळे भरले. "नाही हो. रोज सकाळी मायेने हळद लावतात. मला उठवून वर बघायला लावतात. छळत असत्या तर सोपं झालं असतं."

आत्या, लोकांनी मला आजवर काय काय मारायला बोलावलंय. साप सोडून सगळं. पण दोष उचलून न्यायला कोणी बोलावलं नव्हतं.

कुंभारीण घरात माती आणायला लागली की घरात पाळणा हलणार, हे मला तिने सांगायची गरज नव्हती. आपल्या घरात ती भाताच्या कणगीच्या वर यायची. मी लग्न होऊन आले त्या वर्षी आली तेव्हा पाड्यावरच्या बायकांनी माझी थट्टा करून मला लाजवून लाजवून बेजार केलं. मला आवडलं होतं ते, खोटं कशाला बोलू. मी रोज बघायची, ती बारीक कमरेची माशी मातीची गोळी तोंडात धरून आली का. दुसऱ्या वर्षी आली तेव्हाही हसल्या. पुढे पुढे हसणं वेगळं झालं. मग मला तिचा आवाजसुद्धा नको व्हायला लागला. पावसाळा संपला की माझ्या पोटात गोळा यायचा. तो गोळा सोडून पोटात काही आलं नाही.

ती सकाळ मी अजून बघते. पडवीत बायका बसल्यात, कापणीची काहीतरी बोलणी चाललीत. तू चुलीपाशी आहेस. एकजण पाणी प्यायला म्हणून आत येते, वर बघते, मग माझ्या पदराआड पोटाकडे बघते. मोठ्याने म्हणते, "यंदा पन कुंभारीन आली गो. पोर काय येत नाय. दुसरी बघ आता पोराला." पडवीतून हसू येतं. मी हंडा धरून उभी आहे, मला तो खालीही ठेवता येत नाही. तव्यावरची भाकरी उलटतेस, उलथनं हातात तसंच घेऊन उठतेस, पाट ओढून त्यावर चढतेस आणि खरवडायला लागतेस. माती पडते. मातीतून हिरव्या अळ्या पडतात, कुंभारणीने आपल्या पिल्लांसाठी भरून ठेवलेल्या, अर्धमेल्या. तू त्या उलथन्यावर घेतेस आणि पडवीत नेऊन त्या बायकांच्या पुढ्यात धरतेस. "बघा. हे असतंय आत. शोधा ह्याच्यात पोर." मग सगळं झाडून उंबऱ्याबाहेर टाकतेस आणि पुन्हा चुलीपाशी बसतेस. ती भाकरी करपलेली असते. ती तूच खातेस.

मी मागे जाऊन रडले. मला वाटलं, तू आशा सोडलीस. बाकी सगळ्या मला टोचत होत्या, तरी पाळण्याची वाट तरी बघत होत्या. तू तर माझ्या डोळ्यांदेखत पाळणाच मोडलास. तू आलीस आणि म्हणालीस, "रडून झालं असंल तर पानी आन." एवढंच. जवळ घेतलं नाहीस, समजावलं नाहीस. मी कित्येक दिवस तुझ्याशी कामापुरतं बोलले. त्याची माफी मागायला बसलेली नाही हां मी. तू एक वाक्य बोलली असतीस तर काय जीभ झिजली असती?

पण त्यानंतर आपल्या घरात येऊन कोणी वर बघितलं नाही. दुसरीची गोष्ट तुझ्यासमोर कोणी काढली नाही. कुंभारीण दर वर्षी आली आणि दर वर्षी तू तिला हुसकलंस, घर पुरं व्हायच्या आत. पोर झालं नाही, आत्या. पुढेही नाहीच झालं. त्याचं दुःख आहे ते आहे. पण त्या मातीखाली मला निजावं लागलं नाही. ते तू स्वतः पाडलंस, सासू होऊन, बायकांच्या देखत, म्हणून मला कोणी बोल लावू शकलं नाही. मी पाडलं असतं तर जन्मभर मी पाडलं असतं. हे मला तेव्हा कळलं नाही. ते कळलं खोडाळ्याला, दुसऱ्याच्या पलंगावर उभी राहून, तुझं उलथनं हातात घेतल्यावर.

कारण मी चढले होते. उलथनं मातीला लावलंही होतं. आणि मागून आवाज आला, "कोन गं तू? उतर खाली!" सासू शेतावरून परत आली होती, डोक्यावर गवताचा भारा तसाच. भारा दारातच टाकला. मी म्हटलं, "मावशी, मी औषधवाली. माश्या होत्या म्हणून..."

"माश्या बाहेर व्हत्या. हितं काय करतंस? ही हळद दिसली नाय तुला?"

सून भिंतीला चिकटून उभी.

एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. मावशी, या मातीत ढेकूण शिरतात. भेगेत, मातीत शिरतात हे काही खोटं नाही, आणि माझ्या तोंडून आलं की लोक ऐकतात. अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या घरात ढेकूण नव्हते, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या खोडाळ्यात झालं असतं की अमक्याच्या सुनेच्या गादीत ढेकूण निघाले. वांझ म्हणतातच, वर घाणेरडी म्हणाले असते. म्हणून मी खरं बोलले. म्हटलं, "मावशी, मला पण पोर नाही." मग मी तिला सांगितलं, माझ्या सासूने असंच घर स्वतःच्या हाताने पाडलं होतं, ह्याच उलथन्याने, सगळ्या बायकांसमोर. मला वाटलं, आता ही विरघळणार. कसली विरघळते!

"मग? झालं का पोर?" तिने विचारलं.

"नाही."

"पाडलं म्हनूनच नाय झालं!" ती ओरडली. "आन् तू माझं पाडायला आलीस? नीघ माझ्या घरातून!"

घे आता. तुझ्या सगळ्या चांगुलपणाचा पुरावा तुझ्यावरच उलटला. मी खाली उतरले. पंप पाठीवर घेतला. त्या पोरीकडे बघायची माझी छाती झाली नाही, तिचं होतं ते मी आणखी बिघडवून चालले होते. सासू मला पुढच्या दाराकडे रेटत होती आणि रेटता रेटता रडत होती, हे मी बघितलं. वाईट बाई नाही गं ती. तिलाही शेजारणी विचारत असणारच की. उंबऱ्यावर मी वळले आणि तोंडाचा रुमाल गळ्यात ओढून म्हटलं, "पोर झालं नाही, मावशी. पण मी राहिले. सासूला अंथरुणातून उठता येत नव्हतं तेव्हा तिचं सगळं मी काढलं. शेवटचं पाणी माझ्या हातून प्याली ती. तुमची ही पोरगी त्या मातीखाली किती दिवस निजेल?" तिने दार लावून घेतलं. मी ओट्यावरून उतरले तेव्हा समोरच्या बायका बघत होत्या.

आठवडाभर मला काही गोड लागलं नाही. जव्हारला दोन घरं केली ढेकणांची, औषध मारताना लक्ष नव्हतं. सारखं वाटायचं, दिवाळी जवळ आली. आज दुपारी त्या पोरीचा फोन आला. आवाज दबलेला नव्हता. म्हणाली, "ताई, तुमचं उलथनं इथे राहिलं होतं. धुऊन ठेवलंय."

"धुतलंस कशाला?"

"माती लागली होती."

मी उभी होते ती मोरीच्या कट्ट्यावर बसले. "पाडलंस तू?" मी विचारलं. माझाच आवाज दबला होता.

"मी नाही," ती म्हणाली.

तिच्या मागे कोणीतरी भांडी जोरजोरात ठेवत होतं. ती म्हणाली, सासूबाई विचारतात, तुमची वस्तू कधी नेताय. मी म्हटलं, "त्यांना सांग, भाकरीला चांगलं आहे. ठेवा." फोन ठेवला आणि मग मी रडले, आत्या, भरपूर. आणि झाल्यावर उठून पाणी भरलं.

हे कुठे टाकायचं नाही. तुझ्यापर्यंत पोस्ट जात नाही, आणि तुझ्या मुलाच्या हाती लागलं तर तो उगाच तोंड बारीक करून बसेल. घडी घालून औषधाच्या पेटीत मोज्यांच्या खाली ठेवीन, तिथे तो हात घालत नाही. उलथनं कुठे गेलं म्हणून त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, खोडाळ्याला विसरले. विसरले नव्हते. पंप उचलताना मीच उशीखाली सारलं होतं.

आणि एक सांगायचं राहिलं. आपल्या जव्हारच्या घरात, गॅसच्या वरच्या खिडकीत, यंदा कुंभारणीने घर केलंय. तू म्हणशील, आता या वयात कशाला ठेवलंस? पाळण्यासाठी नाही गं. मला माहीत आहे आत काय असतं. तरी सकाळी चहा टाकताना नजर आपोआप वर जाते. पाडायचं तर स्टीलचं उलथनं आहे घरात, हात लांब केला की झालं. पण राहू दे, आत्या. इथे वर बघणारी मी एकटीच आहे.